देवानं दिलेलं देणं वाया जाऊ नये, तर ऐकायचं कुणाचं?

उद्यमबाग_पखवाज (सोमवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी.

गाव खानापूर तालुक्यात. नोकरी बेळगावात उद्यमबागेत, एका मशिन शॉपमध्ये सीएनसीवर. वय २३. शाळेत होतो तेव्हापासून गावच्या विठ्ठल मंदिरात पखवाज वाजवतो. घरात माळ आहे, आजोबांपासून माघवारी आहे.

परवा गावात सप्ताह झाला. काल्याच्या कीर्तनात महाराज म्हणाले की देव कुणालाच रिकाम्या हातानं पाठवत नाही, पण दिलेलं फळाला यायला दोन गोष्टी लागतात, श्रद्धा आणि आज्ञापालन. नंतर त्यांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, हात चांगला आहे, आळंदीला ये, चार वर्षं काढ. म्हणजे जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केलेली वारकरी शिक्षण संस्था. तिथं जायचं माझ्या मनात आधीपासूनच होतं.

बाबा नको म्हणतात. धाकटी बहीण शिकतेय, घराचं कर्ज आहे, आणि सुरू असलेली नोकरी कुणी सोडतं का, हा त्यांचा प्रश्न.

मला भांडण नको आहे. खरंच समजून घ्यायचं आहे. श्रद्धा म्हणजे उडी घेणं का? आणि आज्ञा म्हणजे कुणाची? देवाची, बाबांची की महाराजांची? तिघं तीन दिशांना असतील तर माणसानं काय करायचं?

---

कडोलीचा_बटाटा (सोमवार, रात्री ११:५२)

आधी एक क्लिप टाक की गा. ऐकल्याशिवाय सल्ला कसा द्यायचा?

---

जुना_माळकरी (मंगळवार, सकाळी ६:१०)

बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर पंढरपुरात विटेवर उभं आहे. पुंडलिकानं आईबापाची सेवा सोडली नाही आणि साक्षात देवाला थांबायला लावलं. देव रागावला नाही. उभा राहिला. आपल्या सगळ्या संप्रदायाचा पाया तो आहे.

सावता माळी अरणला मळ्यातच राबले. त्यांचं देणं मळ्यात फुललं, त्यासाठी त्यांना कुठं जावं लागलं नाही. गोरोबा काका कुंभारच राहिले. गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय की आपलं कर्म हीच देवाची पूजा आणि त्यातूनच माणूस सिद्धीला जातो. माउलींनी त्यावर किती प्रेमानं लिहिलंय ते पारायणात ऐकलंच असशील. तुझं मशीनसुद्धा कर्मच आहे. बाबांचं ऐक.

---

तिसरं_रेल्वे_गेट (मंगळवार, सकाळी ९:२५)

@जुना_माळकरी काका, तुमचा मान राखून सांगतो, पुंडलिकाची गोष्ट प्रत्येक घरात मुलांना गप्प करायला वापरतात. विठ्ठलपंतांची आठवण कुणी काढत नाही.

ज्ञानोबांचे वडील. काशीला जाऊन संन्यास घेतला. बायको आळंदीत आहे हे गुरूंना कळल्यावर त्यांनी सांगितलं, परत जा, संसार कर. ते परतले. हे आज्ञापालनच होतं ना? त्याबद्दल आळंदीच्या धर्मपंडितांनी त्यांना वाळीत टाकलं, शेवटी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. आणि त्याच आज्ञापालनातून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई झाले. आज्ञा पाळली की सगळे पाठीवर हात ठेवतील, असं कुठंच लिहिलेलं नाही.

म्हणून मला वाटतं, कोण खूश होईल हा मापदंड धरूच नकोस.

---

जुना_माळकरी (मंगळवार, सकाळी ९:५८)

@तिसरं_रेल्वे_गेट, गोष्ट बरोबर सांगितलीत. पण विठ्ठलपंतांना गुरूंनी कुठं पाठवलं? घरी. हेही लक्षात घ्या.

---

कॅम्पातली_सिस्टर (मंगळवार, दुपारी २:१५)

मी ख्रिस्ती आहे, कॅम्पात राहते, घरात प्रार्थना मराठीतच होते. नर्स आहे, आत्ता ड्यूटीवरून आले. तुझा प्रश्न आमच्या रविवारच्या उपासनेतलाच आहे, म्हणून लिहिते.

बायबलात मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात येशूनं सांगितलेला दाखला आहे. धनी परदेशी जाताना तीन चाकरांना पैसे सोपवतो, एकाला पाच वाटे, एकाला दोन, एकाला एक, ज्याची जशी कुवत तसे. पहिले दोघं ते कामाला लावून दुप्पट करतात. तिसरा जमिनीत पुरून ठेवतो. मला त्या दाखल्यात दोन गोष्टी नेहमी थांबवतात. एक म्हणजे पाचवाल्याला आणि दोनवाल्याला धनी अगदी तीच शाबासकी देतो. दोनवाल्याला कुणी विचारत नाही की तुझे पाच का नाहीत. दुसरी म्हणजे तिसऱ्यानं चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही. तो फक्त घाबरला. धनी कडक आहे असं त्यानं मनात धरलं आणि भीतीपोटी पुरून टाकलं. आमच्याकडे श्रद्धा आणि आज्ञापालन वेगळं काढता येत नाही ते ह्यामुळे. देणारा चांगला आहे असा भरवसाच नसेल तर हात चालणार कसा?

आणि मोशे. देव त्याला फारोकडे, म्हणजे मिसरच्या राजाकडे, जा म्हणतो, तर तो म्हणतो माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कुणाला पाठव. देव त्याला विचारतो, तुझ्या हातात काय आहे? मेंढपाळाची काठी असते. तीच घेऊन जायला सांगतो.

तुझ्या हातात आज काय आहे ते बघ. पखवाज आहे, नोकरी आहे, बहीण आहे. मी कामाला लागले तेव्हा मला वाटायचं की देवानं मला काहीतरी मोठं करायला ठेवलंय आणि हे बेडपॅन उचलणं म्हणजे मधली वाट. आता तसं वाटत नाही. रात्री तीनला म्हाताऱ्या माणसाची कूस बदलताना माझ्यातलं जे सगळ्यात चांगलं आहे ते बाहेर येतं, हे मी स्वतः पाहिलंय. ते मी कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही. रोज सांगितलेलं काम नीट करत गेले आणि ते येत गेलं.

जावं की नाही हे मी सांगणार नाही. पण भीतीनं थांबू नकोस आणि भीतीनं पळूही नकोस.

---

कडोलीचा_बटाटा (मंगळवार, दुपारी २:४०)

सिस्टर, शेवटची ओळ मनात ठेवतो. आणि क्लिप अजून आली नाही हेही ध्यानात आहे.

---

एक_नास्तिक_शेजारी (मंगळवार, सायंकाळी ५:०५)

मी देव मानत नाही, तरी ह्या धाग्यावर मनापासून लिहितोय. हात चांगला असणं हे थोडं शरीर, थोडं कान आणि बाकी सगळा सराव. त्याला देवाचं देणं म्हटलं की दोन धोके. ज्याला जमत नाही त्याला वाटतं देवानंच आपल्याला दिलं नाही. ज्याला जमतं त्याला सराव सोडून आशीर्वादाची वाट बघायची सवय लागते.

आळंदीची चार वर्षं तुझ्यासाठी शिक्षण आहेत. खर्च, वेळ, नंतरचं उत्पन्न, सगळं कागदावर मांड आणि ठरव.

---

धुमाला_कणीक (मंगळवार, सायंकाळी ७:३०)

@एक_नास्तिक_शेजारी, तुमचं सरावाबद्दलचं शंभर टक्के मान्य. पण सराव कशाच्या बळावर होतो तेही बघा.

मी येळ्ळूरच्या बाजूचा, भजनात पखवाज वाजवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पखवाजाला एका तोंडाला शाई असते ती कायमची. दुसऱ्या तोंडाला, धुमाला, प्रत्येक वेळी ओली कणीक लावायची. किती लावायची, कुठं लावायची, हे कानानं ठरवायचं. वाजवून झालं की खरवडून काढायची, पान पुसायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आमच्या वस्तादांनी सुरुवातीला कितीतरी काळ मला फक्त कणीक लावायला बसवलं आणि एकच बोल घोटून घेतला. बाकीची पोरं अभंगाला साथ करू लागली आणि मी अजून "धा"वर. फार राग यायचा. कारण विचारलं तर सांगायचे नाहीत.

आज भजनात गाणाऱ्याचा आवाज खाली उतरला की माझा डावा हात आपोआप हलका होतो. तो कान त्या कणकेनं दिला. ज्याचं कारण कळत नव्हतं ते मी करत राहिलो, कारण वस्तादांवर विश्वास होता. पटल्याशिवाय करणार नाही असं म्हटलं असतं तर पटायची वेळच आली नसती. श्रद्धा आणि आज्ञा ह्यांचा मला लागलेला अर्थ एवढाच.

@उद्यमबाग_पखवाज, तू कणीक स्वतः मळतोस की आई मळून देते?

---

उद्यमबाग_पखवाज (मंगळवार, रात्री १०:१५)

@धुमाला_कणीक दादा, आई देते. उद्यापासून मीच मळतो.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतोय. सेकंड शिफ्ट चालू आहे म्हणून उशीर होतोय.

---

शाळामास्तर (मंगळवार, रात्री ११:२०)

सौंदत्ती तालुक्यात बरीच वर्षं नोकरी केली, आता बेळगावात आहे. आज्ञापालनाचं एवढं कौतुक वाचून मला राहवत नाही.

यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला जी गर्दी लोटते तिच्यात खरी भक्ती आहे. माझी आईही जायची, मीही जातो. पण त्याच भागात पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलींना देवीला सोडलं गेलं. कशाच्या नावावर? देवीची आज्ञा. केसात जट झाली, देवीनं बोलावलं. घरच्यांनी ऐकलं, मुलीनं ऐकलं. आपला भाग मुंबई इलाख्यात होता तेव्हा १९३४ साली त्याविरुद्ध कायदा झाला, आणि कर्नाटकाला १९८२ साली पुन्हा कायदा करावा लागला. म्हणजे मधली इतकी वर्षं हे चालूच होतं. त्या मुलींमध्ये देवानं काय काय ठेवलं होतं ते कुणाला कधी कळणार? त्यांची श्रद्धा कमी नव्हती. आज्ञापालनही कमी नव्हतं.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एक कसोटी सांगायचो. देवाच्या नावानं कुणी काही करायला सांगितलं तर बघा, त्यात फायदा कुणाचा आणि किंमत कोण मोजतंय. सांगणारा स्वतः काहीच मोजत नसेल आणि सगळी किंमत तुमच्याकडून जात असेल, तर तो आवाज देवाचा नव्हे.

तुझ्या महाराजांबद्दल हे म्हणत नाही. त्यांना मी ओळखत नाही. कसोटी मात्र त्यांनाही लाव आणि बाबांनाही लाव.

---

कॅम्पातली_सिस्टर (बुधवार, सकाळी ७:००)

@शाळामास्तर सर, मनापासून पटलं. आमच्या शास्त्रातही प्रेषित पंचांसमोर उभे राहून हेच म्हणतात की माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे. आणि शौल राजानं, देवानं सांगितलेलं सोडून, चांगली चांगली मेंढरं राखली, वर म्हणाला देवाला अर्पण करायलाच राखली. शमुवेल संदेष्ट्यानं ते चालवून घेतलं नाही. धर्माच्या नावानं केलं म्हणजे आज्ञा पाळली असं होत नाही.

---

निपाणीची_लेक (बुधवार, सकाळी ११:४५)

सगळे प्रतिसाद वाचले. "आईवडिलांचं ऐक" हे वाक्य मुलाला सांगणं आणि मुलीला सांगणं ह्यात फरक आहे, तो इथं कुणी बोललं नाही.

माझी आजी निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, पान कातरायचं, तंबाखू भरायचा, धागा बांधायचा, आणि तोंडानं अभंग. अक्षरओळख नाही. दहावीनंतर मला घरी बसवायचं ठरलं तेव्हा मी गप्प होते. ऐकायचं असतं हेच शिकले होते. आजी वडिलांना म्हणाली, "देवानं हिला डोकं दिलंय, ते चुलीत घालायचा हक्क तुला कुणी दिला?" घरात त्याआधी आजी कधी मोठ्यानं बोलली नव्हती. तिची श्रद्धा होती म्हणूनच ती बोलू शकली. मी आज बँकेत आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचं आयुष्य बघा. लग्न झालं तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. नवऱ्यानं १८९५ साली धर्म बदलला, सगळं घर मोडलं. पुढं त्यांनी स्वतः विचार करून, स्वतःच्या वेळी तो विश्वास घेतला. नुसतं नवऱ्यामागून जायचं म्हणून नाही. आणि त्यांनी लिहिलेलं मराठीत आज सगळे वाचतात. त्यांच्यातलं ते देणं नुसत्या होकारानं वर आलं नसतं.

@उद्यमबाग_पखवाज दादा, एक विचारते. राग मानू नको. तू आळंदीला गेलास तर बहिणीचं शिक्षण थांबेल का? थांबणार असेल तर तिला देवानं काय दिलंय हा प्रश्नही ह्याच धाग्यावर यायला हवा.

---

तिसरं_रेल्वे_गेट (बुधवार, सकाळी ११:५९)

ताई, दंडवत. आजीला पण.

---

निवृत्त_सुभेदार (बुधवार, दुपारी ४:३०)

मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. आमचं सेंटर १९२२ पासून इथं बेळगावात आहे, गावोगावची पोरं तिथंच घडली. हुकूम ह्या विषयावर दोन शब्द.

नवा रंगरूट येतो तेव्हा त्याला वाटतं त्याचा दम अमुक किलोमीटरला संपतो. उस्ताद म्हणतो अजून पळ. तो पळतो, कारण हुकूम आहे. तेव्हा त्याला कळतं की दम तिथं संपत नव्हता. स्वतःच्या मनानं तो तिथपर्यंत कधी गेला नसता. हे मी हजारो पोरांत पाहिलंय. पण उस्ताद स्वतः त्याच्याबरोबर पळतो, हे विसरू नका. मास्तरांनी वर जी कसोटी दिलीय ती आमच्याकडेही लागू पडते. आणि बेकायदा हुकूम पाळायचा नसतो, हेही फौजेत शिकवतात.

पोरा, महाराजांनी ती चार वर्षं स्वतः काढली आहेत का, ते विचार.

---

चिकोडी_रोड (बुधवार, रात्री ९:१०)

थोडं विषयांतर. आमच्या शेजारी लिंगायत कुटुंब आहे, तिथल्या अज्जींनी सांगितलेली शरणांची, म्हणजे त्यांच्या संतांची, गोष्ट. बसवण्णांच्या काळात कल्याणला (आजचं बसवकल्याण) आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे जोडपं होतं. सांडलेले तांदूळ वेचून आणायचे, त्यातूनच जंगमांना, म्हणजे लिंगायत गुरूंना, जेवू घालायचे. एक दिवस मारय्या रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. लक्कम्मा म्हणाली, ही आशा आपल्याला कुठून आली? जास्तीचे परत टाकून या. "कायकवे कैलास", म्हणजे काम हाच कैलास, हे वचन त्याच मारय्याचं मानतात.

अज्जी कन्नडमध्ये सांगतात, मी मराठीत विचारतो, दोघांना सगळं कळतं. सांगायचं एवढंच की मोठं होणं म्हणजे देवाला हवं ते होणं, असं आपण धरून चाललोय. कधी कधी देवाला हवं ते रोजच्या मापाइतकंच असतं.

---

किल्ल्याजवळचा (गुरुवार, सकाळी ८:२०)

@एक_नास्तिक_शेजारी कागदावर मांड म्हणाले, सुभेदार हुकूम म्हणाले. दोन्ही एकत्र दिसतात अशी हकिगत आपल्याच गावात घडलीय.

१८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात होते. आधी वकील भाटे यांच्या घरी, मग वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे. किल्ल्यातली ती वास्तू आज रामकृष्ण मिशनच्या आश्रमात आहे. तेव्हा त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. तिशीही झाली नव्हती. शिकागोच्या परिषदेचा विषय इथं बोलण्यात आला, तेव्हा मित्र म्हणाले मी गावात वर्गणी गोळा करतो. स्वामींनी नको म्हटलं. इथून ते गोव्याकडे गेले, पुढं कन्याकुमारी. मद्रासेत शिष्य पैसे जमवत होते तरी शारदामातेच्या आशीर्वादाचं पत्र आल्यावरच त्यांचं मन स्थिर झालं. शिकागोचं भाषण ११ सप्टेंबर १८९३ चं, म्हणजे बेळगावानंतर जवळपास वर्षानं.

देणं तेवढंच होतं, बेळगावातही आणि शिकागोतही. मधल्या काळात ते थांबले, आणि थांबणं म्हणजे रिकामं बसणं नव्हतं.

---

सांबरा_नाका (गुरुवार, सकाळी १०:०५)

आणि आपले पंत महाराज बाळेकुंद्रीकर (१८५५ ते १९०५) कसे राहिले आठवत नाही कुणाला? गुरू भेटले, बाळमुकुंद, कर्डीगुद्दीचे. एवढा मोठा अधिकार. तरी शिक्षकाची नोकरी केली, मोठं एकत्र कुटुंब सांभाळलं आणि त्या संसारातच पदं लिहिली. आश्विनात उत्सवाला पालखीपुढं ती पदं ऐका, मग नोकरीमुळे देणं मरतं असं म्हणायचं धाडस होणार नाही.

---

तिसरं_रेल्वे_गेट (गुरुवार, सकाळी १०:३०)

@सांबरा_नाका, उत्सवाला मी दरवर्षी असतो. पण पंतांची नोकरी होती म्हणून प्रत्येकानं नोकरीच करावी असं होत नाही. तेविसाव्या वर्षी हात जसा वळतो तसा पस्तिसाव्या वर्षी वळत नाही. सगळे मिळून पोराला थांबवू नका.

---

उद्यमबाग_पखवाज (शुक्रवार, रात्री ११:३०)

काल सुट्टी घेतली. दोन गोष्टी केल्या.

सुभेदार काका, महाराजांना फोन करून विचारलं. त्यांनी चारही वर्षं तिथं काढली आहेत, माधुकरी मागून. मी घरची अडचण सांगितली तर म्हणाले, "वडिलांना दुखवून आलास तर मी तुला घेऊन जाणार नाही. त्यांना घेऊन एकदा आळंदी बघून ये." मला हे अपेक्षित नव्हतं.

मग बाबांजवळ बसलो. ताईंचा प्रश्न आधी विचारला, बहिणीसमोरच. ती पॅरामेडिकलला आहे, अजून दोन वर्षं फी आहे. माझा पगार थांबला तर तिचं थांबेल, हे बाबांनी स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली मी काम करून शिकते. ते मला नको आहे. बाबांना मी विचारलं, दोन वर्षांनी, तिचं झाल्यावर, तुम्ही मला सोडाल का? ते लगेच हो म्हणाले नाहीत. म्हणाले, "तोपर्यंत तू शिकणं सोडलं नाहीस तर बघू." मी ह्याला नकार समजत नाही.

माझ्यासाठी आज्ञा कुणाची, ह्याचं उत्तर निदान आतापुरतं मिळालंय. बहिणीची फी ही आज्ञा मला नीट ऐकू येते. बाकीच्या दोघांपैकी कुणीही तिच्याविरुद्ध बोलत नाहीये.

---

तिसरं_रेल्वे_गेट (शुक्रवार, रात्री ११:४२)

मला अजूनही वाटतं दोन वर्षं फार आहेत. पण फोन केलास, समोर बसून बोललास, हे फार चांगलं केलंस. मनापासून.

---

जुना_माळकरी (शनिवार, सकाळी ५:५०)

बाळा, माघवारीला आमच्या दिंडीत ये. पखवाजाला माणूस लागतोच. बाबांनाही आण.

---

धुमाला_कणीक (शनिवार, सकाळी ८:१५)

दोन वर्षं रिकामी जाऊ द्यायची नाहीत. आमचे वस्ताद थकलेत, पण रविवारी दुपारी येळ्ळूरला चार-पाच पोरांना शिकवतात. पैसे घेत नाहीत. मी विचारून ठेवलंय. पहिले काही महिने एकच बोल घोटायला लावतील, तयारी ठेव.

---

उद्यमबाग_पखवाज (शनिवार, दुपारी १:०५)

दादा, येतो. आज सेकंड शिफ्ट आहे, उद्या सुट्टी. खानापूरहून बारापर्यंत बेळगावात पोचतो, तिथून येळ्ळूरची बस धरतो. पखवाज माझाच आणू का तिथं आहे?

---

धुमाला_कणीक (शनिवार, दुपारी १:२०)

तुझाच आण. कणीक इथं मळू.

---

कडोलीचा_बटाटा (शनिवार, दुपारी १:२२)

मीही येतो. क्लिप मीच काढतो.